झाकणबाईंचे न धुतलेले डबे

आमच्या पालिकेला दोन गोष्टींची मनापासून आवड. एक, योजनेला लांबलचक नाव देणं. आणि दुसरी, ते नाव लोकांच्या तोंडी बसायच्या आत योजना बंद करणं. ‘एकाकी ज्येष्ठ नागरिक गृहपोच पोषण साहाय्य योजना’ हे नाव ज्यानं शोधून काढलं, त्याला आयुष्यात कधी भूक लागली नसावी. भुकेल्या माणसाला एवढा दम निघत नाही. लोक तिला सरळ ‘डबा’ म्हणत. सत्तरीच्या पुढचा, एकटा राहणारा, स्वतःचं रांधून खाणं ज्याला जमत नाही अशा माणसाच्या घरी दुपारी पालिकेच्या अनुदानातून एक डबा पोचायचा. असे एकतीस जण होते आणि पोचवणारी बाई एकच. तिला सगळे झाकणबाई म्हणत. ही तिचीच गोष्ट आहे. मी अधूनमधून तोंड घालीन, त्याला इलाज नाही. मी तेव्हा पालिकेत हेडक्लार्क होतो, आणि दुसऱ्याच्या कामात तोंड घालण्याचा मला पगार मिळत असे.

बाई उंचीनं बेताच्या, आवाजानं नाही. तीनचाकी सायकल, मागे पत्र्याची पेटी, पेटीत डबे, आणि पायात पुरुषी बूट. त्याआधी एका बिस्किटांच्या कारखान्यातल्या कॅन्टीनमध्ये त्यांनी एकोणीस वर्षं काढली होती. कारखाना बंद पडला तेव्हा त्या आमच्याकडे अर्ज घेऊन आल्या. मुलाखत मीच घेतली.

“अनुभव काय?” मी विचारलं.

“एकोणीस वर्षं उष्टी ताटं उचलली.”

असं काही सरकारी कागदावर लिहिता येत नाही. मी ‘खानपान व्यवस्थापन’ असं लिहिलं आणि बाईंना नोकरी लागली. त्यांनी मात्र पुढची सगळी वर्षं ताटं उचलण्याचाच अनुभव वापरला.

त्यांच्या कामाची रीत अशी. दार उघडलं की त्या थेट आत शिरायच्या, डबा टेबलावर ठेवायच्या आणि म्हणायच्या, “झाकण उघडा.” समोरच्यानं पहिला घास घेतल्याशिवाय हलायच्या नाहीत. तोवर कालचा रिकामा डबा हातात घ्यायच्या आणि उघडून आत बघायच्या. तोही कसा, तर न धुतलेला. नियम क्रमांक नऊ स्पष्ट सांगत होता की लाभार्थ्याने डबा स्वच्छ धुऊन परत करावा. बाईंनी एकतीसच्या एकतीस घरांत बजावून ठेवलं होतं की डब्याला पाणी लावाल तर याद राखा.

स्वयंपाकघराच्या ठेकेदारानं तक्रार केली. मी बाईंना बोलावून घेतलं आणि कपाळावर शक्य तितक्या आठ्या घातल्या.

“डबे धुतलेले का येत नाहीत?”

“धुतलेल्या डब्यात काय दिसणार, साहेब?”

“डब्यात बघायचंय काय तुम्हाला?”

“कारखान्यात ताट बघून मला कळायचं, कुणाचं घरी भांडण झालंय, कुणाची दाढ दुखतेय, कोण पोरासाठी पाव खिशात घालून नेतोय. माणूस तोंडानं वाटेल ते सांगतो हो. उष्टं खोटं बोलत नाही.” मग त्यांनी मला उदाहरणंच दिली. “शिंपीदादांनी भात खाल्ला, सूप तसंच. का? हात कापतो. सूप अंगावर सांडतं, म्हणून आवडत नाही म्हणतात. टॅक्सीआजींनी भाजीतल्या फोडी चघळून परत डब्यात ठेवल्या. म्हणजे कवळी बसत नाही. मी स्वयंपाकघरात सांगितलं, फोडी मऊ शिजवा. आता हे धुतलेल्या डब्यावर कसं वाचू, सांगा.”

मी कानाडोळा केला. त्याला चांगुलपणा समजू नका. बाईंना मेमो द्यायचा तर तीन सह्या लागल्या असत्या आणि त्यातला एक साहेब कायम रजेवर असायचा.

असं सहा वर्षं बरं चाललं होतं. मग नवे मोठे साहेब आले. येताना ते कुठल्याशा परदेशी शहरातून संगीत कारंजं बघून आले होते. गाणं लागलं की पाणी नाचतं. साहेबांना ते पाणी इतकं आवडलं, की आमच्याही चौकात ते नाचल्याशिवाय नागरिकांचं भलं होणार नाही अशी त्यांची खात्रीच झाली. कारंज्याला अनुदान हवं होतं. अनुदान म्हणजे काही झऱ्याचं पाणी नव्हे. ते एकीकडून काढल्याशिवाय दुसरीकडे येत नाही. साहेबांनी सगळ्या योजनांची यादी मागवली, आणि यादीत सगळ्यांत गरीब तोंड करून बसलेली योजना कोणती, ते त्यांना लगेच दिसलं.

“काही घरांत तर ही बाई अकरा मिनिटं लावते,” साहेब मला म्हणाले. “अकरा! डबा द्यायला किती वेळ लागतो? दाराला एक हुक लावा, डबा अडकवा, पुढे चला. आणि मुळात, या लोकांना डब्याची गरज आहे का, हे कुणी तपासलंय?”

“नाही, साहेब,” मी म्हणालो. हे वाक्य मी नोकरीत सगळ्यांत जास्त वेळा म्हणालो असेन.

मग बावीस प्रश्नांचा एक फॉर्म वरून तयार होऊन आला. प्रत्येक प्रश्नाला उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’. गरज सिद्ध झाली तरच अनुदान पुढे चालू. तपासणी अधिकारी म्हणून माझी नेमणूक झाली, कारण माझं अक्षर चांगलं होतं.

इथे माझ्याकडून एक घोडचूक झाली. मी बाईंना आदल्या दिवशी सांगितलं की उद्या तपासणीला येतोय. त्यांना सावध करावं, एवढाच हेतू. पण बाईंनी त्याचा जो अर्थ घेतला तो आपल्याकडचा कुणीही घेईल. घरी पाहुणे येणार! त्या तशाच सायकल दामटत एकतीस घरं फिरल्या. शिंपीदादांचे केस कापले. टॅक्सीआजींची नखं काढली, पलंगपोस बदलला. कुणाच्या शर्टाला बटण लावलं, कुणाच्या मोरीत फिनेल ओतलं. “माझी माणसं गबाळी दिसली तर नाक माझं कापलं जाईल,” असं सगळ्यांना सांगत सुटल्या. आणि वर म्हणाल्या, “उद्याच्या दिवस डबे धुऊन ठेवा बरं का. साहेबांपुढे घाण नको.”

दुसऱ्या दिवशी मी फॉर्मांचा गठ्ठा घेऊन निघालो. बाई मागून.

शिंपीदादांनी स्वतः शिवलेला कोट घातला होता. आयुष्यभर लोकांची मापं घेतलेला माणूस. माझ्याकडेही खालपासून वरपर्यंत बघून “कंबर वाढली” म्हणाले. मग स्वतः उठून चहा केला. कप माझ्यापर्यंत पोचला तेव्हा निम्मा चहा बशीत होता. मी बशीतला आधी प्यालो आणि कपातला नंतर, आणि प्रश्न सातवा विचारला.

“स्वतःची कामं स्वतः करता का?”

“मग काय शेजारी करणार?”

मी लिहिलं: हो.

टॅक्सीआजींनी तीस वर्षं टॅक्सी चालवली होती. दोन वर्षांत त्या जिना उतरल्या नव्हत्या. “घराबाहेर जाता का?” या प्रश्नावर त्या भडकल्याच. “मनात आलं तर आत्ता गावाबाहेर जाईन. तुम्हाला सोडू का कुठे?”

हो.

तिसऱ्या घरापर्यंत बाईंच्या चेहऱ्यावर कौतुक मावत नव्हतं. चौथ्या घरी ते थोडं उतरलं. सहाव्या घरातून बाहेर पडल्यावर त्यांनी माझी बाहीच धरली.

“साहेब, टॅक्सीआजी दारापर्यंत चालत आल्या ना, त्या मी मागून धरलं होतं म्हणून. ते लिहा की.”

“तसा प्रश्न नाही यात.”

“मग बाजूला लिहा. एवढी कोरी जागा आहे.”

“तो समास आहे, बाई. समासात लिहिलेलं ग्राह्य धरत नाहीत.”

“कुणी सांगितलं?”

कुणी सांगितलं, ते योगायोगानं पुढच्याच घरात राहत होतं. मास्तरांनी मला चौथीत शिकवलं होतं. एकदा मी समासात एक बेरीज केली, तर त्यांनी पट्टीनं माझ्या बोटांची जी खबर घेतली, त्यानंतर मी आयुष्यात समास ओलांडलेला नाही. मास्तर खुर्चीत ताठ बसले होते, भांग पाडून. मी त्यांच्या डाव्या हाताला उभा राहिलो आणि नमस्कार केला. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला वाटलं, बेरजेचा राग अजून गेला नसावा. शेवटी बाईंनी मला खांद्याला धरून उजवीकडे आणलं, तेव्हा म्हणाले, “अरे, तू होय! अक्षर सुधारलं का?”

“वाचता येतं का, मास्तर?” प्रश्न पंधरावा.

“तुझ्यापेक्षा बरं,” असं म्हणून त्यांनी हातातल्या पुस्तकातलं पानभर मला धडाधड म्हणून दाखवलं. पुस्तक चौथीचं होतं. ते त्यांना झोपेतही येत असणार, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. मी लिहिलं: दृष्टी उत्तम.

बाई काहीतरी बोलायला तोंड उघडत होत्या. मास्तरांनी त्यांच्याकडे बघितलं, नुसतं बघितलं, आणि बाई गप्प बसल्या. ते बघणं मीही पाहिलं होतं. एखाद्या पोराची चड्डी वर्गात फाटली की ते पोर शेजाऱ्याकडे तसं बघायचं.

एकतीसपैकी एकोणतीस लाभार्थी सक्षम निघाले. उरलेले दोघं गाढ झोपेत होते, त्यांच्यापुढे मी ‘अनुपलब्ध’ लिहिलं. मोठे साहेब अहवालावर बेहद्द खूश झाले. इतकी धडधाकट म्हातारी माणसं आपल्या गावात आहेत, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. एक तारखेपासून योजना बंद, अशी टिपणी निघाली. फक्त सर्वसाधारण सभेचा शिक्का उठायचा बाकी होता.

बाई दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या.

“तुम्ही खोटं लिहिलंत.”

“मी ते जे म्हणाले तेच लिहिलं.”

“तेच म्हणतेय मी.” मग त्या समोरच्या खुर्चीत बसल्या. एवढ्या वर्षांत त्या माझ्यासमोर पहिल्यांदा बसल्या असतील. “पण चूक माझी. मी त्यांना नटवलं. अहो, वर्षानुवर्षं कुणी त्यांच्या घरी आलं नव्हतं, मी सोडून. कुणीतरी येतंय म्हणून किती हौसेनं तयार झाले सगळे. आता त्याच हौसेपायी उपाशी राहणार.” मी पेपरवेट उगाच इकडचा तिकडे ठेवला. मला वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटल्यावर काय करायचं याचं परिपत्रक माझ्याकडे नव्हतं.

“सभेत बोलू देतील का मला?” त्यांनी विचारलं.

“निवेदन देता येतं. पण सोबत पुरावा जोडावा लागतो.”

“कसला?”

“कागद. दाखले. कसलेही.”

“कागद नाहीत माझ्याकडे,” त्या म्हणाल्या. “डबे आहेत.”

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

सभा दुपारी तीनला होती. सभागृहातलं टेबल त्याच वर्षी नवीन घेतलेलं, इतकं चकचकीत की सभासद वाकून त्यात आपापले चेहरे बघत. अध्यक्षीणबाई विषयपत्रिकेवरचा विषय क्रमांक चौदा वाचत असताना दार उघडलं आणि झाकणबाई आल्या. दोन्ही हातांत डब्यांच्या माळा. ठेवून परत गेल्या, परत आल्या. चार खेपा. शिपाई अडवायला पुढे झाला तर त्याच्याही हातात एक माळ दिली. एकतीस डबे टेबलावर ओळीनं मांडून झाल्यावर त्यांनी झाकणं काढायला सुरुवात केली. आदल्या दिवशीचे डबे, त्या दिवशीच्या फेरीत उचललेले, न धुतलेले.

वासाचं वर्णन करत नाही. मोठ्या साहेबांनी रुमाल नाकाला लावला तो शेवटपर्यंत काढला नाही.

“हा काय प्रकार आहे?” अध्यक्षीणबाईंनी विचारलं.

“पुरावा जोडलाय, बाई,” झाकणबाई म्हणाल्या आणि पहिला डबा उचलून त्यांनी वाचायला घेतलं. खरंच वाचल्यासारखं. “हे शिंपीदादा. सूप तसंच आहे बघा. हात कापतो. अहवालात लिहिलंय, स्वतःची कामं स्वतः करतात. करतात ना, चहासुद्धा करतात, निम्मा बशीत. हा टॅक्सीआजींचा. पाव नाहीये यात, पण तो खाल्लेला नाही. उशीखाली ठेवतात. रविवारी डबा नसतो ना, त्या दिवसासाठी. रविवारी जिना उतरून कोण आणणार? हा एका आजोबांचा रिकामा, चाटूनपुसून. खूश होऊ नका. सकाळपासूनचं पहिलं खाणं आहे ते.”

सभासद आधी चुळबुळत होते. एकानं घड्याळ बघितलं. मग कुणीच बघेना. पालिकेच्या सभेत एवढी शांतता मी फक्त शोकप्रस्तावाच्या वेळी ऐकली होती, आणि तीही एकच मिनिट.

शेवटी त्यांनी एक डबा उचलून सरळ माझ्यासमोर आणून ठेवला.

“हा तुम्ही वाचा.”

मी वाकून बघितलं. डब्याचा उजवा अर्धा भाग लख्ख रिकामा होता. डावीकडे भात, भाजी, सगळं वाढल्यासारखं जसंच्या तसं. मधोमध रेघ, पट्टीनं ओढल्यासारखी सरळ.

“मास्तरांचा,” बाई म्हणाल्या. “मागं डोक्यात काहीतरी झालं त्यांच्या, तेव्हापासून डावीकडचं दिसत नाही. आणि दिसत नाही हे त्यांना कळतही नाही धड. अर्धं खातात आणि डबा संपला म्हणतात. सुरुवातीला मला वाटलं, भूक मेली. मग रोजच ती रेघ बघितली. तेव्हापासून मी थांबते. अर्धं झालं की डबा फिरवून ठेवते, मग उरलेलं खातात. काल मुद्दाम फिरवला नाही, तुम्हाला दिसावं म्हणून. साहेब म्हणतात, अकरा मिनिटं कशाला. यासाठी. आता तुम्ही दाराला हुक लावा आणि डबा अडकवून जा. डबा रोज पोचेल. मास्तर अर्ध्या पोटानं मरतील.”

अध्यक्षीणबाई माझ्याकडे वळल्या. “हेडक्लार्क, तपासणी तुम्हीच केलीत ना? तुमच्या अहवालात काय आहे?”

मी फॉर्म काढला. अक्षर सुरेख होतं. “दृष्टी उत्तम,” मी वाचलं.

“तुमच्या लक्षात आलं नाही?”

“मी त्यांच्या डाव्या हाताला उभा होतो,” मी म्हणालो. सभेतल्या कुणाला त्याचा अर्थ कळला नाही. झाकणबाईंना कळला. त्यांनी डब्याचं झाकण हळूच लावलं. मला त्या क्षणी जमिनीत गडप व्हावंसं वाटलं, पण पालिकेची फरशी पक्की असते.

योजना वाचली. कौतुक करायची घाई करू नका, कारंजंही झालं. त्याचं अनुदान म्हणे वाचनालयातून काढलं, वाचनालयाला दाखवण्यासारखं उष्टं नव्हतं. ठरावाच्या शेवटी एक कलम जोडण्यात आलं: सभागृहात झालेला अस्वच्छतेचा प्रकार गंभीर असून यापुढे नियम क्रमांक नऊचे काटेकोर पालन व्हावे. डबे धुऊनच परत यावेत. बाईंनी त्या कलमाखाली मुकाट्यानं सही केली आणि दुसऱ्या दिवसापासून न धुतलेले डबे गोळा करायला लागल्या. फरक एवढाच, की आता त्या ते वाचून झाल्यावर कोपऱ्यावरच्या नळावर स्वतः विसळून मग परत करायच्या. मास्तर आणखी तीन वर्षं जगले, रोज पूर्ण डबा खाऊन. मी अधूनमधून जायचो. उजवीकडून.

या गोष्टीला सोळा वर्षं झाली. कारंजं सध्या बंद आहे. मी पंच्याहत्तरीत आहे, बायको जाऊन पाच वर्षं झाली, मुलगा दुसऱ्या शहरात असतो आणि रविवारी फोनवर “जेवलात ना, बाबा?” असं न चुकता विचारतो. मी “जेवलो” म्हणतो. गेली दोन वर्षं माझं नाव त्या लांबलचक नावाच्या योजनेत आहे.

झाकणबाईंचे केस पांढरे झालेत आणि सायकलला बॅटरी लागलीय. पण दुपारी साडेबाराला दार वाजतं म्हणजे वाजतं. आता त्या मला साहेब म्हणत नाहीत, भाऊ म्हणतात. मला सोडून सगळ्यांना त्या अजूनही “झाकण उघडा” असं सांगतात. माझ्याकडे आल्या की म्हणतात, “बघू तरी भाऊ, आज काय दिलंय,” आणि सहज उघडल्यासारखं झाकण स्वतःच उघडतात. कारण माझी बोटं आता वळत नाहीत, सांधे आखडलेत, आणि ती झाकणं भलतीच घट्ट आहेत. त्याचं श्रेयही माझंच. निवृत्तीच्या वर्षी मी खरेदी समितीत होतो. सूप सांडू नये म्हणून ती झाकणं आम्हीच पसंत केली. मी फक्त नमुन्याला सही केली होती, उघडून बघितलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात नवे मोठे साहेब आले. त्यांना बंद कारंजं बघवत नाही. दुरुस्तीला अनुदान हवंय. गरज तपासावी, डबे दाराच्या हुकाला अडकवावेत, वेळ वाचवावा, असं सगळं पुन्हा ठरलं. आज तपासणीला एक बाई येणार असल्याचा निरोप काल आला.

या सगळ्या प्रकरणात शहाणा झालेला गावात एकच माणूस असेल तर तो मी. कुठल्या प्रश्नाला काय उत्तर दिलं की काय होतं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. आणि तरीही मी आज पहाटे उठून दाढी केली, हनुवटीला कापून घेतलं, इस्त्रीचा शर्ट चढवला, बटणं लावता येईनात म्हणून वर स्वेटर घातला, आणि डबा घासूनपुसून पालथा घातला.

तपासणीबाई तिशीच्या, सभ्य, दमलेल्या. मी चहा केला. बराचसा बशीत गेला. त्यांनी आधी बशीतला प्यायला, कपातला नंतर.

“स्वतःची कामं स्वतः करता का, आजोबा?”

“मग काय शेजारी करणार?” मी म्हणालो. शपथेवर सांगतो, हे शब्द माझ्या तोंडून आपोआप आले.

त्यांनी लिहिलं. त्यांचं अक्षर चांगलं होतं. “जेवण स्वतःच्या हातानं घेता?”

“अर्थात.”

“बाहेर हुकाला डबा अडकवला तर चालेल?”

“न चालायला काय झालं?”

एवढ्यात दार वाजलं. झाकणबाई आत आल्या. त्यांनी माझा भांग बघितला, स्वेटर बघितला, पालथा धुतलेला डबा बघितला आणि तपासणीबाईंच्या हातातला फॉर्म बघितला. त्यांना काही विचारावं लागलं नाही.

“तुम्हीसुद्धा, भाऊ?”

त्यांनी डबा माझ्यासमोर ठेवला. रोजच्यासारखा हात झाकणाला गेला नाही. तो त्यांनी दुसऱ्या हाताखाली दाबून धरला, जणू तो सवयीनं पुढे जाईल अशी त्यांना भीती होती.

“झाकण उघडा,” त्या म्हणाल्या.

मी डबा पोटाशी धरला. अंगठा कडेखाली घातला, तो घसरला. दोन्ही तळव्यांत धरून पिळलं. स्वेटरच्या बाहीनं धरलं. टेबलाच्या कडेला टेकवून दाबलं. तपासणीबाई मदतीला उठायला लागल्या, तर झाकणबाईंनी मानेनंच नको म्हटलं. आतलं सूप गरम होतं, डबा हाताला लागत होता, आणि मला भूक लागली होती. सकाळपासून त्या चहाशिवाय पोटात काही नव्हतं. मला मास्तर आठवले, खुर्चीत ताठ बसलेले. त्यांनी त्या दिवशी बाईंकडे जसं बघितलं तसं मी बाईंकडे बघितलं. त्या वेळी त्या गप्प बसल्या होत्या. या वेळी त्यांचे डोळे भरलेले होते, पण त्यांनी नजर काढली नाही.

मी डबा खाली ठेवला.

“नाही उघडत,” मी म्हणालो. “रोज याच उघडून देतात. हुकाला लावलात तर मी बंद डब्यासमोर उपाशी बसेन.”

तपासणीबाईंनी बावीस प्रश्नांवरून दोनदा पेन फिरवलं.

“पण आजोबा, असा प्रश्नच नाहीये यात,” त्या म्हणाल्या. “हे लिहू कुठे?”

मी आखडलेलं बोट कागदाच्या कडेला टेकवलं.

“इथे, समासात लिहा,” मी म्हणालो. “एवढी कोरी जागा आहे.”

त्यांनी कागद आडवा केला आणि लिहायला लागल्या. झाकणबाईंनी डबा उघडून माझ्यापुढे सरकवला.